कंडेन्सर बदलले तरी हम जात नाही: १९६० च्या दशकातल्या फेंडर अँपचं समस्या निवारण

जुना व्हॉल्व्ह अँप घरी येतो, सुरू होतो, आणि गिटार लावण्याआधीच स्पीकरमधून अखंड गुणगुण, म्हणजेच हम, ऐकू येते. दाखवायला नेला की पहिलं निदान ठरलेलं असतं: फिल्टर कंडेन्सर (वीजपुरवठ्यातली लहर गाळणारे) गेले. नवे कंडेन्सर बसतात, हम थोडा कमी होतो किंवा आहे तसाच राहतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा डोकं वर काढतो. मग दुसऱ्यांदा कंडेन्सर, तिसऱ्यांदा व्हॉल्व्ह, शेवटी ट्रान्सफॉर्मर. एवढ्या फेऱ्यांत अँपच्या पोटातला निम्मा मूळ माल निघून जातो आणि हम तिथेच असतो.

हम हे लक्षण आहे. त्यामागे निदान सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात, आणि कोणता ते भाग मागवण्याआधी कळतं. त्यासाठी लागतात दोन कान, एक मल्टीमीटर आणि अर्धा तास.

उदाहरण म्हणून ब्लॅकफेस (काळ्या दर्शनी पट्टीचा) डीलक्स रिव्हर्ब घेतला आहे, एबी७६३ सर्किटचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला तो १९६३ ते १९६७ या काळात बनला. २२ वॉटच्या आसपास ताकद, १२ इंची एक स्पीकर. मागून पाहिलं की व्हॉल्व्ह उजवीकडून डावीकडे मोजायचे: पहिला नॉर्मल चॅनलचा, दुसरा व्हायब्रॅटो चॅनलचा, तिसरा रिव्हर्ब ड्रायव्हर, चौथा रिव्हर्बचा परतीचा आवाज उचलणारा, पाचवा ट्रेमोलोचा, सहावा फेज इन्व्हर्टर (पॉवर व्हॉल्व्हच्या जोडीला एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा), मग दोन ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह आणि शेवटी जीझेड३४ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा). प्रिन्स्टन रिव्हर्ब, व्हायब्रोलक्स, सुपर रिव्हर्ब यांत आकडे बदलतील, पण शोधायची रीत तीच.

सुरक्षेचं आधी, कारण हे काम जिवाशी खेळण्याचं होऊ शकतं. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहतं. प्लग काढा, स्टँडबाय स्विच वाजवण्याच्या स्थितीत ठेवा. २२ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या धन टोकापासून चेसिसपर्यंत (अँपच्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत) अर्धा मिनिट धरा, मग मीटर लावून शून्य आल्याची खात्री करा. प्रत्येक वेळी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामं करण्याची सवय कंडेन्सरलाही मारते आणि माणसालाही.

आधी ऐका, मग मोजा

भारतात वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे हम दोनच सुरांत येऊ शकतो, ५० किंवा १०० हर्ट्झ. इंटरनेटवरचं बहुतेक लिखाण अमेरिकेतलं असल्याने तिथे ६० आणि १२० हे आकडे दिसतात. न्यू जर्सीत बसून हे वाचत असाल तर तुमचे आकडे तेच.

हे दोन सूर एकमेकांपासून बरोबर एका सप्तकावर असल्याने कान फसतो. म्हणून गिटारचाच आधार घ्या. नीट लावलेल्या गिटारच्या सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट दाबला की ९८ हर्ट्झचा सूर येतो. हम त्याच्याशी जवळजवळ जुळला, किंचित चढा वाटला, तर तो १०० हर्ट्झचा. त्याच्या खालच्या सप्तकात, बेस गिटारच्या चौथ्या तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटशी जुळला, तर ५० चा. अमेरिकेत १२० हर्ट्झचा हम पाचव्या तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या बरोबर मध्ये पडतो. शंका राहिलीच तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कोणतंही ॲप घ्या आणि स्पीकरपासून वीतभर अंतरावर धरा. ५० च्या हममध्ये वरचे गुणक मिसळलेले असतातच, त्यामुळे सर्वांत खालची रेघ कुठे आहे ते पाहायचं.

अर्थ असा: हाय व्होल्टेजचा पुरवठा पूर्ण लहरीचा रेक्टिफायर देतो, म्हणून त्याची गळती १०० हर्ट्झची असते. फिल्टर कंडेन्सर खराब असेल तर १०० ऐकू येणार. ५० हर्ट्झचा हम हिटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या) वायरिंगमधून, व्हॉल्व्हच्या आतल्या गळतीतून, तुटलेल्या अर्थिंगमधून, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा बायसच्या (पॉवर व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणाऱ्या ऋण व्होल्टेजच्या) पुरवठ्यातून येतो. तुमचा हम ५० चा असेल आणि कोणी पाच फिल्टर कंडेन्सर बदलून दिले असतील, तर तो न गेल्याचं आश्चर्य नको.

आता आकडा. मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना लावा, सगळे नॉब शून्यावर, इनपुटमध्ये काही नाही. धडधाकट डीलक्स रिव्हर्बमध्ये साधारण दहा मिलिव्होल्टच्या आसपास किंवा खाली दिसतं. ५०-१०० मिलिव्होल्ट दिसले तर हम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत असणार. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा. "आता जरा बरं वाटतंय" यावर विसंबलं की माणूस गोल गोल फिरत राहतो.

तिसरी गोष्ट नॉबची. व्हॉल्यूम वाढवल्यावर हम वाढतो का? वाढत असेल तर बिघाड व्हॉल्यूमच्या अलीकडे, म्हणजे पहिल्या टप्प्यात. फक्त एका चॅनलवर वाढतो की दोन्हींवर, तेही बघा. रिव्हर्बच्या नॉबबरोबर वाढतो, तर शोध चौथ्या व्हॉल्व्हपाशी आणि टँकपाशी (रिव्हर्बच्या स्प्रिंगांच्या डब्यापाशी). कोणत्याच नॉबला दाद देत नसेल तर त्याचं मूळ पुढे, पॉवरच्या भागात आहे.

व्हॉल्व्ह उपसून जागा पकडणे

अँप स्टँडबायला न्या आणि सहावा व्हॉल्व्ह, फेज इन्व्हर्टर, फडक्याने धरून सरळ वर ओढा. तो काढल्याने ६व्ही६ ना धोका नाही, त्यांचा बायस वेगळ्या वाटेने येतो. स्पीकर मात्र जोडलेला हवाच. स्टँडबाय सोडा आणि ऐका.

हम तसाच राहिला? मग शोध पॉवर व्हॉल्व्ह, बायस, पहिले फिल्टर कंडेन्सर आणि अर्थिंग एवढ्यापुरता उरला. हम गेला? मग सहावा परत बसवा आणि चौथा काढा. त्याने गेला तर व्हायब्रॅटो चॅनल किंवा रिव्हर्ब. नाही गेला तर पहिला काढा, नॉर्मल चॅनल. मग दुसरा. ज्या व्हॉल्व्हपाशी हम तुटतो, तो टप्पा किंवा त्याच्या आधीचा टप्पा संशयित.

त्या जागी दुसरा चांगला व्हॉल्व्ह लावून पाहणं ही पहिली चाचणी. हिटर आणि कॅथोड (व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) यांच्यात गळती लागलेला १२एएक्स७ हुबेहूब ५० हर्ट्झचा हम देतो, आणि टेस्टरवर मात्र तंदुरुस्त दिसू शकतो. व्हॉल्व्ह बदलूनही फरक नसेल तर सॉकेट बघा. साठ वर्षांच्या सॉकेटची पकड सैल होते. बारीक सुईने प्रत्येक पिनची पकड हलकेच आवळा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब टाका, व्हॉल्व्ह चार-पाच वेळा आत-बाहेर करा. गंज काढायचा तेलकट स्प्रे सॉकेटमध्ये मारू नका, तो धूळ धरून ठेवतो.

पहिल्या टप्प्यात एक लपलेला दोषी असतो: कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा छोटा कंडेन्सर. हिटरकडून कॅथोडला येणारी थोडी गळती तो जमिनीत, म्हणजे चेसिसमध्ये, घालवत असतो. तो सुकला की चॅनलचा आवाज मंदावतो आणि हम वर येतो. "चॅनल जरा मरगळलाय आणि हमही आहे" अशी जोडतक्रार असेल तर आधी हाच बघा.

हिटरचा मध्य

हिटरच्या ६.३ व्होल्टच्या दोन तारांचा मध्यबिंदू जमिनीला बांधलेला असावा लागतो. तसं असेल तरच दोन्ही तारांचा हम एकमेकांना मारतो. काही अँपमध्ये ट्रान्सफॉर्मरचीच मधली तार असते, काहींत पायलट दिव्यापाशी १०० ओहमचे दोन रेझिस्टर, तर सिल्व्हरफेसच्या (चंदेरी दर्शनी पट्टीच्या) काही मॉडेलांत मागे हम बॅलन्सचा स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा पॉट (कमीजास्त करता येणारा रेझिस्टर).

एखादा पॉवर व्हॉल्व्ह पूर्वी कधी शॉर्ट होऊन गेला असेल तर हे १०० ओहमचे रेझिस्टर फ्यूजसारखे जळतात. अँप पुढे चालतो, व्हॉल्व्ह नवा येतो, आणि त्या दिवसापासून मोठा ५० हर्ट्झचा हम सुरू होतो. अँप बंद, प्लग काढलेला, अशा स्थितीत दोन्ही मोजा. दिव्याच्या टोकापासून चेसिसपर्यंत जळलेला रेझिस्टर असूनही मीटर १०० च्या आसपास दाखवू शकतो, कारण हिटरची वाइंडिंग दोन्ही टोकं जोडते. दोन्ही चांगले असतील तर तिथे सुमारे ५० ओहम दिसायला हवेत. म्हणजे १०० दिसले तर एक गेला आहे. इतक्या जणांची इथे फसगत होते की हा आकडा लक्षात ठेवावा.

हम बॅलन्स असेल तर व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरवरचा मिलिव्होल्टचा आकडा सर्वांत खाली येईल तिथे तो ठेवा.

फिल्टर कंडेन्सर, खरोखर गेले असतील तर

डीलक्स रिव्हर्बमध्ये पत्र्याच्या चौकोनी झाकणाखाली १६ मायक्रोफॅरडचे पाच असतात. पहिले दोन जोडीने, म्हणजे ३२, चोकच्या (लहर अडवणाऱ्या लोखंडी गाभ्याच्या गुंडाळीच्या) अलीकडे. तिसरा चोकनंतर पॉवर व्हॉल्व्हच्या स्क्रीनसाठी, बाकीचे दोन पुढच्या टप्प्यांसाठी. टोकाला फुगवटा, रबरी बुच बाहेर आलेलं, तपकिरी चिकट ओघळ, यातलं काही दिसलं तर चर्चा संपली, सगळे बदला. वरून चकचकीत दिसणारा कंडेन्सरही आतून कोरडा असू शकतो. साठ वर्षांचा इलेक्ट्रोलिटिक ठेवावा या मताशी आम्ही सहमत नाही; तो शॉर्ट झाला तर सोबत ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो, आणि मूळ ट्रान्सफॉर्मरची किंमत कंडेन्सरच्या कित्येक पट असते.

मोजायचं तर डीसी आणि एसी दोन्ही मोजा. पहिल्या कंडेन्सरवर डीसी ४२० च्या जवळपास हवं. त्याच जागी एसीवर साधारण ५ ते ८ व्होल्टची लहर दिसणं नेहमीचं. चोकच्या पलीकडे ती अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवी. पलीकडेही दोन-तीन व्होल्ट असेल तर तिसरा कंडेन्सर गेला. एसी मोजताना मीटर डीसी अडवणारा आणि ६०० व्होल्टचा हवा. स्वस्तातले काही मीटर डीसीमुळे एसीचा भलताच आकडा दाखवतात.

१०० हर्ट्झचा हम व्हॉल्यूमबरोबर वाढतो, असंही होतं. तेव्हा पहिल्या जोडीवर संशय नको, साखळीतला शेवटचा कंडेन्सर बघा, जो प्रीअँपला (सुरुवातीच्या टप्प्यांना) पुरवठा करतो. मोठेच तेवढे बदलून हा राहून गेलेला पुष्कळदा सापडतो.

बदलीचा माल: १६ मायक्रोफॅरड ४७५ व्होल्ट किंवा २२ मायक्रोफॅरड ५०० व्होल्ट, दोन्ही टोकांना तार असलेला. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत २२ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा मिळतो, पण बहुधा एकाच बाजूला दोन्ही पाय असलेला. तो बसतो, मात्र ४५० ची मर्यादा इथे काठावरची आहे. सुरू करताना व्हॉल्व्ह तापेपर्यंत व्होल्टेज नेहमीपेक्षा वर जातं. म्हणून ५०० चा मागवून घ्या. जास्त असल्यास बरं म्हणून पहिल्या जागी १०० मायक्रोफॅरड ठोकू नका: जीझेड३४ ची पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे, जुन्या ५वाय३ रेक्टिफायरची त्याहून बरीच कमी, २० च्या घरातली. जास्त लावलं की रेक्टिफायरच्या आत ठिणग्या उडतात.

बसवल्यावर थेट विजेला लावू नका. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड काढा, त्यात ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा. एलईडी चालत नाही. अमेरिकन अँप असेल तर सिरीज बोर्ड स्टेप-डाउनच्या (२३० व्होल्ट उतरवून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) २३० च्या बाजूला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद.

बायस आणि जोडी

दोन ६व्ही६ समोरासमोर काम करतात. पुरवठ्यातली लहर दोघांना सारखीच मिळते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये तिची वजाबाकी होते. दोघांचा प्रवाह सारखा असेल तोवर. एक म्हातारा झाला, किंवा वेगवेगळ्या खोक्यांतले दोन लावले, की वजाबाकी बिघडते आणि १०० हर्ट्झ उघडा पडतो. कंडेन्सर नवेकोरे असतानाही. म्हणून १०० चा हम, सहावा व्हॉल्व्ह काढूनही राहणारा आणि कंडेन्सर तपासून झालेले, असा प्रकार असेल तर जुळवलेली जोडी लावून पाहा. हम एकदम खाली बसतो.

बायसचा पुरवठा अर्ध्या लहरीचा, त्यामुळे त्याची गळती ५० हर्ट्झची. त्याचा २५ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा एकटा कंडेन्सर झाकणाखाली नसतो, आत चेसिसमध्ये असतो, आणि "सगळे कंडेन्सर बदललेत" असं सांगून विकलेल्या अँपमध्ये हाच जुना निघतो. ६व्ही६ च्या पाचव्या पिनवर उणे ३५ व्होल्टच्या आसपास हवेत. उणे २५ दिसले तर व्हॉल्व्ह भाजत आहेत.

हा कंडेन्सर बदलताना एकच चूक होते, पण ती महागात पडते. बायस ऋण आहे, म्हणून कंडेन्सरचं धन टोक चेसिसला जातं. सवयीने उलटा लावला की काही मिनिटांत फुटतो, बायस जातो आणि ६व्ही६ च्या प्लेट लाल होतात. ४७ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा इथे चांगला चालतो.

चँपसारख्या एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या अँपमध्ये वजाबाकी नसतेच. त्यात थोडा हम जन्मजात असतो, तो शून्यावर आणण्याच्या नादी लागू नये.

अमेरिकन अँप, भारतातली वीज

हा भाग अमेरिकेतल्या लिखाणात नसतो, आणि इथल्या निम्म्या तक्रारींचं मूळ यात आहे.

६० हर्ट्झसाठी बांधलेला अँप ५० वर चालवला की पहिल्या कंडेन्सरवरची लहर २० टक्क्यांनी वाढते. चोक आणि त्यापुढचा कंडेन्सर मिळून जी गाळणी होते ती कमी वारंवारतेला कमी गाळते, त्यामुळे चोकनंतरची लहर मूळच्या साधारण १.७ पट होते. म्हणजे फुलर्टनमध्ये जो अँप शांत होता तोच, एकही भाग बिघडलेला नसताना, पुण्यात जास्त गुणगुणतो. १६ च्या जागी २२ मायक्रोफॅरड लावण्यामागे हे सबळ कारण आहे.

दुसरा परिणाम लोखंडावर. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) व्होल्टेज भागिले वारंवारता या हिशेबाने चालतो. अँपच्या नकाशावर ११७ व्होल्ट लिहिलेले असतात. ५० हर्ट्झवर १२० व्होल्ट दिले तर फ्लक्स २३ टक्के जास्त, ११० दिले तर १३ टक्के. म्हणून स्टेप-डाउन २३० ते ११० असाच घ्या, १२० चा नको. ११० ला हिटर ५.९ व्होल्टवर येतो, तो चालतो. ५.७ च्या खाली मात्र जाऊ देऊ नका. संध्याकाळी वीज २४५ पर्यंत चढणाऱ्या भागात हा फरक ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य ठरवतो.

याचा हम ओळखायची खूण सोपी आहे: स्टँडबायला टाकूनही आवाज येतो, आणि तो स्पीकरमधून नव्हे, चेसिसमधून येतो. हात ठेवला की थरथर कळते. आधी ट्रान्सफॉर्मरचे चार बोल्ट आवळून पाहा. तरी तासाभरात हात ठेववत नाही इतका तापत असेल, तर ५० हर्ट्झवर चालणारा, २३० ची तार असलेला ट्रान्सफॉर्मर लावून मूळचा जपून ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग. ब्रिटनमध्ये बनलेल्या व्हॉक्स आणि मार्शल अँपना हा प्रश्न नाही, ते ५० साठीच बांधलेले.

स्टेप-डाउनच्या डब्याचा स्वतःचाही त्रास असतो. तो अँपच्या तळाशी, रिव्हर्ब टँकला खेटून ठेवला तर टँक त्याचं चुंबकीय क्षेत्र उचलतो. मीटरभर लांब सरकवून ऐका; पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो. ताकद निदान ३०० व्हीए. आणि घरातला इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर वीज गेल्यावर येणारी खरखर अँपची नव्हे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमर बंद करून एकदा ऐकाच.

अर्थिंग

स्टेप-डाउनच्या पुष्कळ डब्यांना बाहेर दोन भोकांचंच सॉकेट असतं. अर्थ तिथेच तुटते. वर अँपला मूळची दोन पिनांची वायर असेल तर चेसिस अधांतरी, गिटारच्या तारांना हात लावला की हम बदलतो आणि ओठाला माइक लागला तर झटका बसतो. तीन तारांची वायर घाला: अर्थ ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली चेसिसला, स्वतंत्र आयलेट आणि दातेरी वॉशरसह. फेज आधी फ्यूजच्या टोकाला, मग स्विचला. फ्यूज २ अँपिअरचा स्लो ब्लो. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळलेला निघाला तर बाकीचं सगळं काम संशयाने तपासा. ग्राउंड स्विचला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून टाका. तो शॉर्ट झाला तर विजेचा फेज थेट गिटारच्या तारांवर येतो. भारतीय नव्या वायरीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. अमेरिकन वायरीत काळा फेज, पांढरा न्यूट्रल, हिरवा अर्थ. आणि स्टेप-डाउनच्या आतून अर्थची तार अखंड पुढे नेली आहे का, ते मीटरने पिनपासून चेसिसपर्यंत मोजून बघा. एक ओहमच्या आत हवं.

चेसिसच्या आतली अर्थही ढिली पडते. पॉटच्या मागे पितळी पट्टी असते, प्रीअँपच्या बहुतेक अर्थ तिच्यावर डागलेल्या. पट्टी चेसिसला फक्त पॉट आणि जॅकच्या नटांनी दाबून धरलेली. नट सैल झाले, पट्टी काळवंडली, की हम येतो-जातो, चेसिसवर थाप मारली की बदलतो. सगळे नट आवळा. चेसिसवरचा सोल्डर निघाला असेल तर २५ वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने होणार नाही, १०० वॉटची लागेल. थंड पडलेला डाग दिसायला ठीक दिसतो आणि वर्षभरात सुटतो.

रिव्हर्ब

रिव्हर्बचा नॉब वाढवल्यावर हम वाढत असेल तर टँकच्या परतीची आरसीए वायर काढून मोकळ्या जॅकवर ऐकायची चूक करू नका, मोकळं टोक स्वतःच हम उचलतं. शॉर्ट केलेली आरसीए पिन लावून ऐका. शांत झाला तर दोष वायर किंवा टँकमध्ये. वायरीची बाहेरची जाळी पिनपाशी तुटलेली असते, वरून कळत नाही. टँकमध्ये अर्थ फक्त आउटपुटच्या बाजूने, इनपुटचा जॅक टँकच्या पत्र्यापासून वेगळा. बदली टँक घेताना ४एबी३सी१बी हाच क्रमांक बघा. दुसऱ्या अर्थिंगचा टँक आवाज देईल पण हमसकट. आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब राहील असा ठेवा.

दर पावसाळ्यात परत येणारा

मुंबई, कोकण, गोवा. जूनमध्ये हम आणि चरचर, नोव्हेंबरात आपोआप गायब. भाग बदलून हे सुटत नाही, कारण दोष ज्यावर भाग बसवलेत त्या काळ्या फायबरच्या पट्टीत असतो. तिच्यावर मेणाचा लेप असतो, पण ती दमट हवेत पाणी धरते आणि थोडीशी वाहक होते. चाचणी: अँप चालू असताना मीटरचा काळा प्रोब क्लिपने चेसिसला लावा आणि एक हात खिशात ठेवून लाल प्रोब पट्टीच्या मोकळ्या जागेवर, कोणत्याही आयलेटला (भाग डागलेल्या धातूच्या भोकाला) न लागता टेकवा. शून्याच्या जवळ हवं. काही व्होल्ट दिसले तर पट्टी गळते आहे. अँप बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, हेअर ड्रायरने मंद आचेवर अर्धा-पाऊण तास वाळवा. मेण वितळायला लागलं तर लांब धरा. आर्द्रतेच्या दिवसांत अँप रोज तासभर चालवणं हाच उत्तम उपाय, आतली ऊबच तिला कोरडी ठेवते. बंद ठेवायचा असेल तर सिलिका जेल आणि सुती आच्छादन. प्लॅस्टिकचं कव्हर ओल आत कोंडतं.

काढलेला माल

काम सुरू करण्याआधी आतले स्पष्ट फोटो घ्या आणि क्रमांक उतरवून ठेवा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा आकडा शूमाकरचा: ६०६-५-३५ म्हणजे १९६५ सालचा पस्तिसावा आठवडा. स्पीकरवर ४६५ असेल तर ऑक्सफर्ड, २२० असेल तर जेन्सन. व्हॉल्व्हच्या तक्त्यावरच्या दोन अक्षरी शिक्क्यात पहिलं अक्षर साल, दुसरं महिना: एन म्हणजे १९६४, ओ म्हणजे १९६५, पी म्हणजे १९६६. वेगवेगळ्या भागांच्या तारखांत काही महिन्यांचं अंतर स्वाभाविक असतं, चार-पाच वर्षांचं नसतं.

इलेक्ट्रोलिटिक बदलल्याने जाणकार संग्राहक नाक मुरडत नाही. पण निळे मोल्डेड कपलिंग कंडेन्सर आणि कार्बन रेझिस्टर "हातासरशी" बदललेले दिसले तर किंमत पडते, आणि हमशी त्यांचा बहुधा संबंधही नसतो. जे काढाल ते झिपच्या पिशवीत भरा, प्रत्येकावर जागेची चिठ्ठी लावा, सोबत स्पीकरवरचे आधीचे आणि नंतरचे मिलिव्होल्ट लिहिलेला कागद ठेवा, आणि ती पिशवी कॅबिनेटच्या आत तळाच्या कोपऱ्यात, टँकला घासणार नाही अशी चिकटवून द्या.